पुस्तकावरचं नाव

त्या रविवारी मनकर्णाबाई ओसरीवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी जुड्या बांधायच्या होत्या. अंजनगावच्या घरामागचा अर्ध्या एकराचा भाजीचा मळा त्यांनी चाळीस वर्षं एकटीनं पिकवला होता. नवरा, खुशालराव, शाळेत इंग्रजीचा मास्तर. त्यांच्या हाताला खडू चालायचा, माती चालायची नाही.

समोर नात आचल वही उघडून रडकुंडीला आली होती. शाळेत प्रीपोझिशन शिकवून झालं होतं आणि ते काही तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"आन थे वांगं इकडं," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी ते टोपल्यात टाकलं. "कुठी हाये?"

"टोपल्यात."

टोपलं उपडं करून त्यांनी वांगं त्याच्याखाली सरकवलं. "अन् आता?"

"टोपल्याखाली."

"वांगं बदललं का?"

"नाही."

"टोपलं?"

"नाही गं आजी."

"मंग काय बदललं वं? दोघाइचं नातं बदललं. थे नातं जो शब्द सांगते, त्याले प्रीपोझिशन म्हनते. घे, लिह्य आता. अन् रडू नको, वांगे काळे पडतीन."

आचल फिसकन हसली आणि लिहायला लागली. बंगईवर झोके घेत बसलेली तिची आई, हर्षा, तीही हसली. हर्षा अकोल्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. नवं सत्र सुरू व्हायच्या आत दोन दिवस माहेरी आली होती.

तेवढ्यात खुशालराव आतून आले. "काहून तिचं डोकं खराब करून राहिली? सातवी शिकलेली तू. चार गोष्टी चुकीच्या सांगशील, मग मला निस्तराव्या लागतील."

"मी कुठी काय सांगितलं? वांगे मोजून राहिलो आमी," असं म्हणून मनकर्णाबाईंनी टोपलं उचललं आणि त्या मागच्या दारानं मळ्यात गेल्या. खुशालराव खुर्चीत बसले. खिशातून छोटी डायरी काढली, पेनचं टोपण दातांनी उघडलं आणि दोन-तीन ओळी लिहिल्या.

हर्षानं ते पाहिलं. लहानपणापासून ती ते पाहतच आली होती. संध्याकाळी ती आचलला घेऊन अकोटमार्गे जाणाऱ्या बसमध्ये बसली. पिशवीत आईनं दिलेला सांबार होता आणि त्याचा वास अकोल्यापर्यंत आला.

मंगळवारी सकाळी मनकर्णाबाई वाफ्यात पडल्या. अमरावतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

*

दहाव्या दिवशी किशोर आला. हा खुशालरावांचा जुना विद्यार्थी. अमरावतीत त्याचे इंग्रजीचे क्लासेस होते आणि सरांचं 'शब्दांच्या आठ जाती' हे पुस्तक तोच छापून आणायचा. इंग्रजी व्याकरणाचं साठ पानांचं पुस्तक, पण गावोगावच्या पोरांनी त्यावर नाम, सर्वनाम, क्रियापद घोटलेलं. आता पाचवी आवृत्ती निघणार होती. तेरवीला लोक स्टीलची भांडी वाटतात, त्यावर गेलेल्या माणसाचं नाव कोरून. खुशालरावांनी ठरवलं होतं की आपण भांडी नाही, पुस्तक वाटायचं.

"काकूंचा फोटो घेतला पहिल्या पानावर," किशोर म्हणाला. "रंगीत. खाली 'प्रेरणास्थान' टाकलं. ताई, तुमचे दोन शब्द पाहिजेत. सरांनी तुम्हाला इंग्रजी कसं शिकवलं. आणि तेच तेरवीला माईकवर बोला, म्हणजे झालं."

त्यानं छापायला जाणारी पानं तिच्या हातात दिली. हर्षा ती घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि धान्याच्या कोठीला टेकून वाचत बसली. पुस्तक तिला पाठ होतं, तरी या वेळी ते नीट वाचलं गेलं. कवळी काकडी, निबर काकडी: विशेषण. गवार झटपट तोड, भेंडी जपून तोड: क्रियाविशेषण. अकराव्या पानावर सर्वनाम. 'आपल्याकडे घरची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ती "ते" म्हणते. नावाच्या जागी जो शब्द चालतो, ते सर्वनाम.' आणि अठ्ठेचाळिसाव्या पानावर, नव्यानं घातलेलं, ते वांगं. वरती, खालती, आत. 'वांगं बदललं का? टोपलं बदललं का?' शब्दन् शब्द.

आई जाऊन दहा दिवस झाले होते. हर्षा रडली होती, पण आता जे छातीत वर आलं ते रडू नव्हतं. ती पानं घेऊन ओसरीवर आली आणि किशोरसमोरच तिनं विचारलं,

"बाबा, हे नवऱ्याचं नाव न घेण्याचं उदाहरण तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचलं. का?"

"तुम्ही तर आईला नावानं हाक मारायचे. नाहीतर 'ए' म्हणून. हे बाईलाच सुचू शकतं."

खुशालरावांनी चष्मा पुसला. "ती बोलायची. बोलणं म्हणजे पुस्तक नव्हे. मी त्याला रूप दिलं, क्रम दिला. ओसरीवर मी तीस वर्षं शिकवण्या घेतल्या, ती भिंतीआड भाजी निवडत ऐकायची. माझंच ऐकलेलं तिनं तिच्या भाषेत सांगितलं, बस."

"मग तुमच्या भाषेत पोरांना का नाही समजलं? तुमच्या शिकवणीतून पोरं उठून मागच्या दाराला जायची, बाबा. आईजवळ. मी पाहिलंय."

"ताई, सर आधीच खचले हायेत," किशोर मध्ये पडला. "असं काय बोलता?"

"तू गेला नव्हता मागच्या दाराला, किशोर? ॲडव्हर्ब येत नव्हता तुला. आईनं गवार तोडायला लावली होती."

किशोर हळूच म्हणाला, "पण ताई, कव्हर छापून झालं."

"मंग दुसरं छाप."

"हर्षा!" खुशालरावांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. आणि मग एकदम खाली आला, जे जास्त वाईट होतं. "आज तुला आईचा पुळका आला. पीएच.डी. झाल्यावर तुझा सत्कार झाला, तेव्हा तू काय बोलली होती? 'माझं इंग्रजी ही माझ्या बाबांची देणगी आहे.' टाळ्या पडल्या होत्या. तुझी माय पहिल्या रांगेत बसली होती. मी तुझ्या तोंडात शब्द घातले होते का?"

ते खरं होतं. सभागृहात तोंडून निघणारं वाक्य होतं ते. कॉलेजातल्या लोकांसमोर शिक्षक बाप शोभत होता, भाजी विकणारी माय नाही. घरी परतताना आईनं तिच्या पदराची पिन सारखी केली होती आणि म्हणाली होती, "बरी बोलली तू. अटकली नाई कुठी." दुसरं काही म्हणाली नव्हती. म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडली असती, रुसली असती, तर हर्षाला आज कुणावर तरी नीट चिडता आलं असतं.

ती पानं टेबलावर ठेवून आत गेली. दोन शब्द तिनं लिहून दिले नाहीत. किशोरनं त्या जागी एक सुविचार टाकला.

*

तेरवीला मांडवात दीडशे माणसं होती. पंगती उठल्या, सतरंज्या पुन्हा टाकल्या गेल्या. फोटोला हार, फोटोशेजारी खुशालराव पांढऱ्या टोपीत आणि टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे. मुख्याध्यापक बोलले. सरपंच बोलले. सरांनी गावाला इंग्रजी दिलं, काकूंनी सरांना साथ दिली. सगळे तेच बोलले. मागे, बायकांच्या बाजूला, आईबरोबर बाजारात बसणाऱ्या माळणी बसल्या होत्या. त्यांतल्या गंगूबाईनं पुस्तक उलटं धरलं होतं आणि ती आतल्या फोटोवरून अंगठा फिरवत होती.

"आता सरांच्या कन्या, प्राध्यापक हर्षाताई," किशोर माईकवर म्हणाला. त्यानं माईक देताना तिच्याकडे पाहिलं नाही.

हर्षा उभी राहिली. तिनं माईक दोन्ही हातांनी धरला. बापाकडे पाहिलं तर बोलता येणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं बापाकडेच पाहिलं.

"या पुस्तकात जे लिहिलं हाये, थे माह्या मायचं हाये," ती म्हणाली. मांडवात कुणीतरी खोकलं. खुशालरावांनी मान खाली घातली नाही, वरही केली नाही. "बाबांनी थे लिहून घेतलं अन् नाव आपलं टाकलं. त्याचा मले राग हाये. पन त्याच्यापेक्षा जास्त राग माह्या सोताचा हाये. मले इंग्रजी माह्या मायनं शिकवलं. बाबांनी नाई. माह्या सत्काराले माय समोर बसली होती, तरी मी हे बोलली नाई. मले तिची लाज वाटत होती."