टिंबांच्या रेघेवरची माणसं

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही जो पॅड काखोटीला मारता, त्याचाच मी एक जुना लाकडी भाऊबंद आहे. माझ्यावर रंगीत चित्रं नाहीत की पाढे नाहीत. वर एक लोखंडी चाप आणि खाली साधी फळी, एवढाच माझा थाट. पण मी एक अख्खं शहर अंगावर घेऊन हिंडलो आहे.

नगरपालिकेच्या सुतारमामांनी शाळेच्या एका मोडक्या दारातून आम्हा बारा भावंडांना घडवलं. त्यांना घाई ठाऊक नव्हती. माझ्या कडा ते दोन दिवस घासत होते. "कागद टोचून फाटला, तर त्यावरचा माणूस फाटला," असं ते म्हणत. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

आमचं काम जनगणनेचं. शहर लहान, पण वस्ती सरमिसळ. पठारी लोक सर्वांत जास्त. त्यांच्या खालोखाल किनारी, मग बेटांवरून आलेले, मग उत्तरेकडचे. कोणी गोरे, कोणी काळेसावळे, कोणाचे केस कुरळे, कोणाचे डोळे बारीक. छापील कागदावर 'वंश' या शब्दासमोर या चौघांच्या चार चौकटी होत्या. पाचवी चौकट होती 'इतर'. तिच्यापुढे टिंबांची एक रेघ होती आणि खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं, 'कोण ते लिहा'. त्या रेघेवर सहसा कोणी काही लिहीत नसे.

माझ्या पहिल्या गणनेत मी एका तरुण कारकुनाकडे होतो. माणूस स्वभावाने चांगला, अक्षर मोत्यासारखं. शेवटच्या दिवशी फक्त खाणगल्ली उरली होती. तिथे दगडाच्या खाणीत राबणारे डोंगरी लोक राहतात. त्यांचे आजे-पणजे दगड फोडायला डोंगरातून खाली आले आणि इथेच राहिले. गल्लीचा चढ उभा, ऊन कडक, आणि कारकुनाचा बूट चावत होता. तो कोपऱ्यावरच्या दुकानाच्या बाकावर बसला. दुकानदाराला घराघरांतली नावं विचारली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे पाहून खुणा केल्या. उजळ दिसला की उत्तरेकडचा, काळा दिसला की किनारी. काहींची नावं तर आलीच नाहीत. जे कुठेच बसेनात, ते एक्केचाळीस जण 'इतर'मध्ये गेले. टिंबांची रेघ कोरीच राहिली.

मित्रांनो, ते सगळं माझ्याच छातीवर लिहिलं गेलं. काम लवकर झालं म्हणून कारकुनाला शाबासकी मिळाली, माझ्या चापाला तेल मिळालं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही बरं वाटलं.

दहा वर्षांनी दुसरी गणना आली. या वेळी मी शिवणाच्या बाईंच्या हाती पडलो. त्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. एक टाका वाकडा गेला तरी सगळी शिवण उसवून पुन्हा घालायला लावत. गुडघा दुखायचा, पण खाणगल्लीचा चढ त्या पहिल्याच दिवशी चढल्या.

पहिलं घर इस्त्रीवाल्या मावशींचं. मावशींनी इस्त्रीवरून नजर काढली नाही.

"लिहा तुम्हाला काय लिहायचं ते. मागच्या वेळी तरी कोणी विचारलं होतं?"

"मी विचारतेय ना. तुम्ही कोण?"

"डोंगरी. पण तुमच्या कागदावर आम्ही नाही."

बाईंनी मला त्यांच्यासमोर धरलं आणि टिंबांच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही जागा तुमचीच आहे. आजवर कोणी भरली नाही, एवढंच."

मावशींनी इस्त्री उभी केली. आत एक बाई मान खाली घालून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती मावशींची जाऊ. तिच्याकडे पाहत मावशी सांगू लागल्या.

"गेल्या वर्षी हिला ताप आला. एक औषध हिला अजिबात चालत नाही. दवाखान्यात ही आमच्या भाषेत तेच सांगत राहिली. कोणाला कळेल तर शपथ. त्यांनी नेमकं तेच टोचलं. जीव वाचला, पण कान गेले. आता ढग गडगडले तरी हिला पत्ता नसतो."

"तिथे दुभाषी नव्हती?"

"किनाऱ्यावाल्यांना आहे, बेटवाल्यांना आहे. आम्ही मागायला गेलो, तर म्हणाले, गणनेत पाचशेच्या वर असाल तरच मिळते. तुमच्या गल्लीत 'इतर' एक्केचाळीसच. बाई, एक्केचाळीस माणसं तर सकाळी आमच्या नळावर उभी असतात."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी रेघेवर ठळक अक्षरांत 'डोंगरी' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "एकही दार सोडायचं नाही."

आणि त्यांनी सोडलं नाही. खाणीतली माणसं उजाडताच कामावर जात, म्हणून बाई त्याआधी पोहोचत. उरलेल्यांना जेवणाच्या सुट्टीत खाणीवर जाऊन गाठत. काही जण दारच उघडत नसत. एकदा अशीच नावं लिहून नेली होती आणि महिनाभरात झोपड्यांच्या दोन रांगा पाडल्या होत्या. अशा दारांशी बाई तीनतीनदा गेल्या. लिहिलेली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि मगच सही घेतली. एका आजोबांना वय विचारलं, तर ते म्हणाले, "मोठा पूर आला तेव्हा मी गुडघ्याएवढा होतो. आता तुम्हीच मास्तरीण, करा हिशोब."

गल्लीतला न्हावी किनारी आणि त्याची बायको डोंगरी. तो वस्तरा पुसत म्हणाला, "बाई, पोरांना कुठल्या चौकटीत घालणार? एक पाय हिच्यात, एक पाय तिच्यात, लंगडी खेळायची का त्यांनी?"

"घरी पोरांना काय सांगता तुम्ही?"

"दोन्ही आहात म्हणून सांगतो."

"मग दोन्ही," बाई म्हणाल्या आणि तसंच लिहिलं.

एकशे त्रेसष्ट घरं झाली. डोंगरी माणसं भरली आठशे सदतीस. गठ्ठा माझ्या चापात मावेना. बाईंनी तो पर्यवेक्षक साहेबांच्या टेबलावर ठेवला. मित्रांनो, साहेबांना पाहून मी गारच झालो. केस पिकायला लागले होते, पण हात मी ओळखला. हाच तो बाकावरचा कारकून.

"दहा वर्षांपूर्वी एक्केचाळीस, आता आठशे सदतीस?" साहेब म्हणाले. "माणसं काय उकिरड्यावरच्या छत्र्या आहेत, उगवायला?"

"माणसं होतीच साहेब. विचारलं नव्हतं कोणी."

"असा आकडा मी वर पाठवू शकत नाही. मागच्याप्रमाणे दुरुस्त करा."

"विचारून लिहिलंय. न विचारता खोडणार नाही. तुम्ही चला माझ्याबरोबर."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. मावशींनी दार उघडलं आणि त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"तुम्हाला पाहिलंय मी. कोपऱ्यावरच्या बाकावर बसून मोजून गेला होतात आम्हाला. माझी ही जाऊ हंडा घेऊन तुमच्या समोरून गेली होती. हिला कुठे लिहिलंत?"

जाऊ एकदा मावशींच्या आणि एकदा साहेबांच्या ओठांकडे पाहत होती. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"आठवत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "बहुतेक किनाऱ्यावाल्यांत."

मावशींनी हाताच्या खुणांनी ते उत्तर जावेला समजावून सांगितलं. तिने मान हलवली आणि पुन्हा घड्या घालू लागली. साहेबांना ते फार लागलं असावं. त्यांनी बाईंच्या हातातून मला घेतलं आणि शेजारच्या घराची कडी स्वतः वाजवली.

तीन दिवस ते दारोदार फिरले. खाणीच्या माथ्यावर पहारेकऱ्याची टपरी आहे, तिथेही धापा टाकत चढले. खाली येऊन बाईंना म्हणाले, "तुमचा आकडा चुकलाय."

बाईंचा चेहरा उतरला.

"एक कमी होता. वर एक म्हातारा एकटाच राहतो."

त्या दिवशी गठ्ठ्यावर आकडा पडला, आठशे अडतीस. त्याच्या खाली साहेबांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'मागील गणनेतील चूक माझी आहे.' या एका ओळीपायी त्यांची बढती अडकली, असं पुढे कानावर आलं. ती ओळ मात्र त्यांनी खोडली नाही.

आठ महिन्यांनी दवाखान्यात एक नवी खुर्ची आली. तिच्यावर मावशींची थोरली सून दुभाषी म्हणून बसू लागली. "गणना संपली, आता हा तुला लागेल," असं म्हणून बाईंनी मला तिच्या स्वाधीन केलं. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, कोणतं औषध चालत नाही, हे सगळं ती माझ्यावर कागद ठेवून लिहायची. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली वर्षं हीच. जावेचे कान काही परत आले नाहीत. पण त्या दवाखान्यात पुन्हा कोणा डोंगरी माणसाला न चालणारं औषध टोचलेलं मी तरी पाहिलं नाही.

मग पडद्याची यंत्रं आली. आता मी कपाटाच्या माथ्यावर पडून असतो. ओल लागून एक कोपरा फुगला आहे, चापाला गंज चढला आहे. तरी मी मोडलेलो नाही, आणि मोडायचा विचारही नाही. माझ्यासारख्यांना फेकू नका, अधूनमधून फडकं मारा, एवढं तर मी मागणारच.

पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे, मित्रांनो. उद्या तुमच्यातलं कोणीतरी कागद घेऊन किंवा यंत्र घेऊन कुणाच्या तरी दारात उभं राहील. तेव्हा चेहरा पाहून उत्तर लिहू नका. चढ असला तर चढा. दार बंद असलं तर पुन्हा जा. विचारा, आणि समोरचा जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत पुरतं लिहा. रेघ अपुरी पडली तर कागद उलटा करून मागे लिहा. मागे टेकू द्यायला मी आहे.