आतल्या खोलीची कडी

मी आतल्या खोलीच्या दाराची कडी बोलतेय. हसू नका. बोटभर लोखंड आहे मी, पण तोरा असा की या घराची अब्रू जणू माझ्याच जिवावर टिकली आहे!

कारखान्यात जन्मले तेव्हा वाटलं होतं, आपण एखाद्या तिजोरीला लागणार. लागले आजोबांच्या खोलीला, तेही बाहेरच्या अंगाला. सुताराने बसवलं तेही तिरकं, त्यामुळे खांद्याने दार ढकलल्याशिवाय मी कोयंड्यात बसत नाही. एरवी मला कुणी विचारत नाही. पाहुणे यायचे म्हटलं की मात्र माझा भाव वधारतो.

त्या संध्याकाळी सूनबाई नुकती कामावरून आली होती. तेवढ्यात शेजारी उभ्या नवऱ्याचा फोन वाजला. तो ऐकून नवरा दचकलाच.

"अगं, बाबांचे ते उंच मित्र! कोपऱ्यावर आलेत, घर शोधतायत."

"आत्ता? आणि तू उभा काय राहिलास? उचल हा पसारा!"

मग जी धांदल उडाली, विचारू नका. वाळलेले कपडे, वर्तमानपत्रं, इस्त्री, दारातल्या झाडून सगळ्या चपला, अर्धवट खाल्लेला बिस्किटांचा पुडा, जे हाताला लागलं ते आतल्या खोलीत. दिवाही न लावता दारातूनच फेकाफेक. शेवटी सूनबाईने खांदा लावला आणि मी खट्कन बसले. काय रुबाब वाटला मला! आत काहीतरी घरघरत होतं. पंखा चालू राहिला असेल, म्हटलं. माझी अक्कल तेवढीच.

पाहुणे आले. काठी टेकत, दाराला डोकं लागू नये म्हणून वाकून. "बुटक्या कुठाय?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

सूनबाईने दाराकडे पाहिलं. आजोबांच्या चपला नव्हत्या. "फिरायला गेलेत. येतीलच इतक्यात."

पाहुण्यांचा चेहरा पडला. "मी मुलीकडे चाललोय, कायमचा. गाडी खाली थांबलीय. म्हटलं, जाता जाता त्याला एकदा डोळे भरून बघावं. आता या वयात परत कसला येतोय मी!"

सूनबाईचा नवरा धावत बागेत गेला, धापा टाकत परत आला. बाबा नाहीत. चहा झाला. खालून गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. पाहुणे उठले, आणि दाराकडे जायचं सोडून माझ्याकडे वळले.

"त्याची खोली हीच ना? दोन मिनिटं त्याच्या खाटेवर बसतो आणि निघतो."

सूनबाई आडवी आली. "काका, आत जरा..." तिचे कान लाल झाले होते. मी तर अंग चोरून कोयंड्याला घट्ट धरलं. प्राण गेला तरी सुटणार नाही! असल्या शौर्याची मला फार हौस.

"पोरी, मला पसारा बघायचा नाहीये गं," म्हातारा म्हणाला.

सूनबाईने डोळे पुसले आणि एका झटक्यात मला काढलं. माझं शौर्य तिथेच आटोपलं. दार उघडताच आतून कपडे, चपला, पुडा सगळं तिच्या पायांवर आलं. पाहुणे त्यातून वाट काढत खाटेपर्यंत गेले आणि कपड्यांच्या ढिगावर टेकले.

"अरे कोण आहे!" ढीग ओरडला. "दिसत नाही का, माणूस झोपलाय!"

टॉवेल बाजूला सारून आजोबा उठून बसले. एक मोजा खांद्यावर. कानातलं यंत्र काढून झोपले होते बिचारे, त्यांना कसला पत्ता!

"बुटक्या!" पाहुणे हसता हसता रडायलाच लागले. आजोबांनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि गच्च मिठी मारली. गाडीवाला हॉर्न वाजवून थकला. दोघं म्हातारे त्या पसाऱ्यातच हातात हात घेऊन बसले होते. सूनबाईने चहा तिथेच आणून दिला आणि चपलांवर बैठक मारून स्वतःही प्यायली.

ते पाहुणे पुन्हा आले नाहीत. मी अजून इथेच लोंबकळतेय, थोडी गंजलेय, अब्रूबिब्रूच्या गोष्टी हल्ली करत नाही. एवढंच सांगते, पाहुणे अचानक आले तर पसारा खुशाल कुठेही कोंबा. पण मला लावायच्या आधी घरातली माणसं मोजा.