एमेटचा उतार

“हे नाव टाकता येणार नाही,” आर्डिस म्हणाली.

वॉरेनने छापखान्यातून आलेलं लेबल टेबलावर ठेवलं. त्यावर ठळक अक्षरांत ‘एमेटचा उतार’ असं होतं. वाइनचं तळघर वॉरेनचं, तिथली पिंपं सांभाळण्याचं काम आर्डिसचं आणि डोंगरावरचा द्राक्षमळा तिच्या नवऱ्याचा, एमेटचा. दोन वर्षांपूर्वी तोडणी आटोपली आणि त्याच आठवड्यात वणवा लागला. मळा गेला, मळा वाचवायला धावलेला एमेटही गेला. उरली ती ही शेवटची वाइन.

“अगं, का नाही? त्याचीच तर द्राक्षं!”

“मळ्याचं नाव टाकायचं तर शंभरातले पंच्याण्णव भाग त्याच मळ्यातले लागतात. कायदाच आहे. मी भर घातलीय, वॉरेन. जास्तच झालीय.”

पिंपातली वाइन लाकडातून उडत राहते आणि जागा रिकामी राहिली की बिघडते. म्हणून अधूनमधून वरून भर घालायची. त्यासाठी एमेट आपल्याच मळ्याचं एक छोटं पिंप राखून ठेवी. ते आर्डिसने त्याच्या मयताच्या दिवशी स्वतःच्या हाताने उघडलं होतं. सगळी दरी रडायला आली होती. त्या लोकांना काय नुसत्या पाण्यावर बोळवायचं? मग ती खालच्या शेजाऱ्याच्या, हॉलिसच्या मळ्यातली वाइन ओतत राहिली. ओतताना पाठीमागे एमेट खोकायचा. तो भास आहे असं तिला कधीच वाटलं नाही. “पिंपं तहानलेली ठेवू का मग?” ती न वळता म्हणायची.

“कोण येतंय मोजायला? तुझं आपलं काहीतरीच!” वॉरेनचा आवाज उतरला. “त्याचं नाव पुसलं जाईल, बाई.”

“म्हणून त्याच्या नावावर खोटं विकू?” तिने लेबल त्याच्याकडे परत सरकवलं. “दरीचं नाव टाक. त्यात मिश्रण चालतं, हॉलिसही दरीतलाच.”

लेबलं चिकटवताना तिच्या खांद्यावरून कुणीतरी वाचत होतं. काय शोधतंय, ते तिला ठाऊक होतं.

वसंतात बाटल्या विक्रीला आल्या. काउंटरवर एक पाहुणा घोट घेऊन थबकला. त्याने बाटली फिरवून लेबल दोनदा वाचलं.

“नुसतं दरीचं नाव? मळा कुणाचा हा?”

“नवऱ्याचा,” आर्डिस म्हणाली. “पण तसं लिहायची सोय नाही.”

पाहुणा थट्टा समजून हसला आणि त्याने ग्लास पुढे केला. तिने तो भरून दिला.