आईशेजारची मोकळी जागा

डाकोटाच्या माळावर पहिल्या नॉर्वेजियन वसाहतकऱ्यांची दफनभूमी आहे. तिथली आईच्या दगडामागची मोकळी जागा सिग्ने क्वामेला स्वतःसाठी हवी होती. वय एकोणऐंशी. जागा मिळाली नाही तर गावातल्या नव्या दफनभूमीत जावेशेजारी पडावं लागणार. "जन्मभर तिची कटकट ऐकली, मेल्यावर तरी कानांना सुट्टी हवी की नको?" ती म्हणायची.

नोंदवही कधीच जळाली होती, आणि जुन्या निम्म्या थडग्यांवर दगडच नव्हते. म्हणून जागा देण्याआधी राखणदार टोर्गर दोन वाकड्या तारा हातात धरून चालायचा. तारा एकमेकींवर आडव्या आल्या की खाली माणूस!

दगडामागे तारा फटकन आडव्या आल्या.

"मावशी, इथे कुणीतरी आहे."

"कोण मेलं तडमडलंय तिथे?"

"ते तारा नाही सांगत."

"तुझ्या तारांना काय कळतंय, कप्पाळ! सळई घाल."

लोखंडी सळई सरसर आत गेली. माती कधीतरी उकरलेली होती खरी. सिग्नेचा चेहरा उतरला. रडू येत होतं, पण कोण असेल हा किडा त्याहून जास्त वळवळत होता. सावत्र आई? छे, ती तर मिनेसोटात पुरलेली.

"आता आईकडे घालून बघ."

दगडापुढे, सिग्नेने लावलेल्या पिओनीच्या फुलझुडपांशेजारी, सळई चार बोटांवर अडली. नांगरसुद्धा न लागलेली जमीन.

सिग्नेने रांगेवरून नजर फिरवली. "टोर्गर, या जुन्या दगडांची अक्षरं मावळतीकडे का रे? नव्यांची तर उगवतीकडे आहेत."

"आजोबा म्हणायचे, वाचणाऱ्याने मेलेल्याच्या छातीवर उभं राहू नये. म्हणून जुने लोक अक्षरं दगडाच्या एका बाजूला कोरायचे, आणि माणूस दुसऱ्या..." टोर्गर बोलता बोलता थबकला.

सिग्ने मटकन खाली बसली. पाच वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून चौऱ्याहत्तर वर्षं ती अक्षरांपुढे फुलं लावत आली होती.

"अगं आई गं! तू तिकडे कोरडी, आणि मी वेडी इकडे पाणी घालतेय!" ती हसली, मग हमसून रडली.

टोर्गरने सळई उपसली. "मावशी, म्हणजे ही फुलांची जागा मोकळीच आहे की."

"मोकळी कशी? इतकी वर्षं राखलीय मी. लिही माझं नाव." तिने डोळे पुसले. "आणि फावडं आण. निम्मी झुडपं आईला द्यायचीत."