रणपिसेंचा त्रेचाळिसावा तपास

इन्स्पेक्टर रणपिसेंनी आजवर बेचाळीस खून उघडकीस आणले. ते सगळे मीच लिहिले. साचा ठरलेला. शेवटच्या प्रकरणात सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवायचं, रणपिसेंनी चष्मा पुसायचा आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. चाकणच्या कंपनीत पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेसवर आठ तास उभं राहून दापोडीला परतताना, बसमध्ये मोबाइलवर मी हे खून पाडतो.

त्रेचाळिसावा भाग वाचून संपादक सुप्रिया मॅडमचा फोन आला.

"धम्मपाल, हे काय आहे? खून नाही आणि गुन्हेगार पहिल्याच ओळीत. पुढं कोण वाचेल? नेहमीसारखं करून द्या."

चार वेळा करून बघितलं. एकदा वॉचमनला गुन्हेगार केलं, एकदा कंत्राटदाराला. दरवेळी रणपिसे चष्मा पुसून धडधडीत खोटं बोलायचे आणि माझं डोकं फिरायचं. बेचाळीस खुनी पकडले मी, आणि एक नाव घेताना माझी बोबडी वळत होती. स्वतःचीच चीड आली.

प्रकरण एवढंसं. आमच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण त्यात वेळ जातो आणि सुपरवायझर डोक्यावर बसतो. म्हणून एक बटण आम्ही चिकटपट्टीनं दाबून ठेवतो. सगळेच ठेवतात. शिफ्ट संपली की पट्टी काढून जायचं, हा आमचा आपसातला नियम.

दोन महिन्यांपूर्वी बस चुकेल म्हणून मी पट्टी तशीच ठेवून पळालो. पुढच्या शिफ्टला निघोज्याचा शेखर आला. अडकलेला तुकडा काढायला वाकला आणि दुसऱ्या बटणाला त्याचं कोपर लागलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीत ठरलं की पट्टी त्यानंच लावली होती. पट्टी त्याचीच ना, असं मला विचारलं तेव्हा मी नुसती मान डोलावली. आता त्याला कामावरून काढायला निघालेत.

"तुझा रणपिसे लाव की भावा ह्याच्यामागं," असं शेखरच म्हणाला होता. माझे सगळे भाग त्यानं वाचलेत.

कंपनीतल्या त्याच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी मी मूळचा भाग छापून निघोज्याला घेऊन गेलो. शेखरनं डाव्या हातानं कागद धरला आणि पहिली ओळ वाचून हसला.

"राव, हितं तुझंच नाव पडलंय. बदलून घे."

"बरोबर पडलंय," मी म्हणालो. "उद्या सुनावणीत हेच सांगणार आहे."

त्यानं कागद मांडीवर ठेवला. पुढचं पान उघडलं नाही.

"दवाखान्यात रोज डबा घिऊन यायचास," तो म्हणाला. "मला वाटलं, दोस्त हाय म्हणून."