गेलेली जीप आत्ताच दिसली

मागच्या उन्हाळ्यापर्यंत खुशीला वर्गात कुणी उभं केलं की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. बाई प्रश्न विचारायच्या आणि ही ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. आणि आता? आता दारव्ह्याच्या स्टँडवरचे जीपवालेसुद्धा तिला नावाने ओळखत. "काय खुशीबाई, आज आमची गाडी कुठी दिसून राह्यली तुमच्या फोनात?" असं सदूकाका ड्रायव्हर जाता-येता विचारायचे, आणि खुशीची मान आपोआप ताठ व्हायची.

ही सगळी किमया ॲपची. त्याचं नाव 'काळीपिवळी', सवारी जीपला सगळे म्हणतात तेच. आसपासच्या गावांतून शाळेत येणारी पोरंपोरी फाट्याफाट्यावर जीपची वाट बघत ताटकळत उभी असायची. ज्याला जीप दिसेल त्याने फोनवर 'दिसली' हे बटण दाबायचं, की बाकी सगळ्यांना कळायचं, जीप अमुक गावात, आत्ताच दिसली. बस, एवढंच. खुशीने हे सुट्टीत, दादाच्या जुन्या लॅपटॉपवर, व्हिडिओ बघून बघून, निव्वळ हौसेपोटी केलं होतं. त्यात ना कुणाचा पैसा, ना कुठली कंपनी. तिच्याच वर्गातला कपिल चित्रं काढून द्यायचा, व्हॉट्सॲप ग्रुपवरची पोरं काय काय सुचवायची, आणि खुशी ते करून टाकायची.

आणि पोरांना सुचायला काय कमी! एकाला जीपचा रंग बदलता यायला हवा होता. दुसरीला ड्रायव्हरला तारे द्यायचे होते. कुणाला 'आज सीट भेटली' असं मिरवायला चित्र पाहिजे होतं. खुशीने एकेक गोष्ट आणली की ग्रुपवर टाळ्यांचा नुसता पाऊस. तो पाऊस तिला फार आवडायचा. जिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, तिला तो का आवडू नये?

फक्त संगीता टाळ्या वाजवत नसे.

संगीता तांड्यावरची, दहावीत खुशीच्या बाकावरची, आणि सगळ्या शाळेत पळण्यात पहिली. ती मैदानावर पळू लागली की मास्तर लोक चहा हातात धरून व्हरांड्यात येत. ती ग्रुपवर एकच गोष्ट लिहायची, पुन्हा पुन्हा, आणि शाळेत आली की तेच तोंडी सांगायची.

"खुशी, तुयी जीप भूत हाय वं."

"काहून?"

"काहून म्हणजे? जीप निघून गेली असते, अन् तुयं ॲप मांगून सांगते, आत्ताच दिसली म्हणून. मी धावत धावत फाट्यावर जाते तं तथी कुत्रं बी नसते."

ग्रुपवर पोरं हसली. 'तांड्याची भुताची जीप' अशी थट्टाच सुरू झाली. दारव्ह्याच्या पोरांना तसं कधी झालंच नव्हतं, त्यांना ते खरं तरी कसं वाटावं?

पण खुशीला खोड कुठे आहे ते ऐकता क्षणीच कळलं होतं. तांड्याकडच्या रस्त्यावर रेंज नाही. तिथे कुणी बटण दाबलं की ती खबर फोनातच अडकून पडायची. तो माणूस त्याच जीपमधून पुढे आला, रेंज लागली, की खबर सुटायची. आणि ॲप बिचारं, जीप दिसली कधी ते न बघता, खबर सुटली कधी तीच वेळ धरून सांगायचं, आत्ताच. म्हणजे जीप दारव्ह्याला टेकलेली, आणि ॲपमध्ये ती अजून मागच्या गावात. चूक खुशीची होती, आणि दुरुस्ती मोठी नव्हती. पण बारीक, किचकट, डोकं खाणारी होती. आणि ती करून कुणी टाळ्या वाजवणार नव्हतं.

"आधी ते करू का?" तिने एकदा कपिलला विचारलं होतं.

कपिल पेन्सिलीला टोक करत होता. "कर नं. पण दुरुस्ती कोणाले दिसते का? हॉर्न पाह्य कसा सगळ्याइले ऐकू येते!"

कारण तेव्हा हॉर्नचं वारं सुटलं होतं. प्रत्येक जीपचा हॉर्न वेगळा. सदूकाकांचा तर लहान पोर रडावं तसा. ते सगळे आवाज टिपायचे, आणि जीप दिसल्याची खबर आली की फोनमध्ये तोच हॉर्न वाजवायचा! ही कल्पना ज्याने काढली त्याला ग्रुपने खांद्यावर घेतलं. मग भूत बाजूला राहिलं. आधी हॉर्न.

आता संगीताचं सांगायला हवं, कारण तिच्यासाठी त्या आठवड्याचा रविवार साधा नव्हता. यवतमाळला मुलींच्या निवासी क्रीडा शाळेची निवड चाचणी होती. पळण्याच्या शर्यतीत ज्या पहिल्या तिघी येतील त्यांना प्रवेश. राहणं तिथेच, शाळा तिथेच, बारावीपर्यंत. तिचे वडील प्रेमसिंग यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "निवड झाली तं मी सोताच पोचवून देतो. नाही झाली तं धाव्वी झाली का बस. रोजचं जीपीनं येनं-जानं पुढं मी चालू देनार नाही." आणि पुढच्या वर्षी संगीताचं वय बसणार नव्हतं. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच सकाळी.

शनिवारी शाळा सुटताना संगीताने पीटीच्या मॅडमचे बूट पिशवीत घातले. मॅडमनी ते उसने दिले होते, पुढे कापूस कोंबून वापर म्हणून.

"उद्या अंधारातच जाऊन फाट्यावर उभी राहू का?" तिने खुशीला विचारलं.

"येडी हायस का तू? थंडीत उभी राह्यली तं पाय आखडतीन. घरी आंग गरम ठेव. पान्याच्या टाकीपाशी रेंज येते नं तुमच्याकडं? तथी ॲप पाह्य, अन् जीप मांगच्या गावात दिसली का नीघ. मी दारव्ह्याच्या स्टँडवर हायच. तथून एसटीनं संगंच जाऊ."

"अन् ते भूत?"

"ते झालंच समज. आता घरी गेली का पयलं काम तेच."

संगीता हसली. तिचं हसणं मोठं असायचं, सगळे दात दाखवणारं. "मंग काही टेन्शन नाही," ती म्हणाली.

खुशी खोटं बोलली नव्हती हो. घरी गेली, लॅपटॉप उघडला, कोडमधली ती चुकीची जागाही शोधून काढली. तेवढ्यात कपिलचा फोन आला, शेवटचा हॉर्न मिळाला म्हणून. मग तो बसवला. मग तो वाजेना. मग वाजला! खुशीने नवीन ॲप ग्रुपवर सोडलं, आणि मग ग्रुपवर काय विचारता! सगळे घराघरांत हॉर्न वाजवत सुटले. कुणाची आजी दचकून दारात आली, त्याचा व्हिडिओ आला. खुशी हसून हसून लोळली. आईने जेवायला हाक मारली तेव्हा ती उघडी जागा तशीच होती. सकाळी करू, एका दिवसात काय होतंय, असं तिला वाटलं. तेवढंच वाटलं, आणि लॅपटॉप मिटला.

रविवारी ती स्टँडवर पोचली तेव्हा शेकोटीपाशी चहावाला हात शेकत होता. थोड्या वेळात सदूकाकांची जीप रडत रडत आली. माणसं उतरली, टोपल्या उतरल्या, एक म्हातारबुवा फोन कानाला लावून उतरले. संगीता नाही.

खुशीने जीपच्या आत डोकावून पाहिलं. मागे जाऊन पाहिलं.

"काका, तांड्याच्या फाट्यावर संगीता नव्हती का?"

"कोनीच नव्हतं वो. मी हॉर्न बी देल्ला."

तेवढ्यात खुशीच्या हातातला फोन लहान पोरासारखा रडला. तिने खाली पाहिलं. सदूकाकांची गाडी, तांड्याच्या मागचं गाव, आत्ताच दिसली.

ती गाडी तिच्यासमोर उभी होती. तिच्या इंजिनाची ऊब खुशीच्या पायांना लागत होती. आणि फोन सांगत होता की ती अजून तिकडे आहे, येतेच आहे. तिकडे पाण्याच्या टाकीपाशी संगीताच्या हातातही हेच उमटलं असणार. ती पिशवी खांद्याला लावून हसत निघाली असणार.

खुशीने फोन लावला. नंबर क्षेत्राबाहेर. म्हणजे ती फाट्याकडे निघालीही. जिथे रेंज नाही तिथे.

"काका, परत चला नं! पाया पडते!"

"माय, सीट भरल्याशिवाय कसा येऊ? आत्ताच तं आलो. रविवार हाय, दुसरी गाडी बी लवकर नाही."

बाबा घरची मोटरसायकल घेऊन आर्णीला गेलेले. कपिल फोन उचलेना. खुशी स्टँडच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, तिकडच्या रस्त्याकडे बघत. तिला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. बऱ्याच वेळाने एसटी लागली. कंडक्टरने दोरी ओढायला हात वर केला, तेव्हा रस्त्यावर काहीतरी हललं.

संगीता पळत येत होती.

तांड्यापासून पळत. चपला हातात, पिशवी पाठीवर आपटतेय, ओठ पांढरे पडलेले. रस्त्याने मोटरसायकली गेल्या होत्या, पण अनोळखी माणसाच्या गाडीवर बसायचं नाही ही घरची ताकीद, आणि तिने ती पाळली होती. खुशी एसटीपुढे आडवी झाली म्हणून एसटी थांबली, नाही तर तीही गेली असती.

 एसटीत संगीता खिडकीला डोकं टेकून पोटऱ्या चोळत होती. खुशीने पाण्याची बाटली पुढे केली, तिने दोन घोट घेतले. शेवटी खुशीच म्हणाली, "संगीता, मी नव्हतं केलं ते. राहून गेलं."

"समजलं मले," संगीता म्हणाली. "फाट्यावर उभी होती तवाच समजलं."

मैदानावर नावं पुकारणं चालूच होतं. पोचल्या एकदाच्या! खुशीला क्षणभर वाटलं, होईल, सगळं नीट होईल, ही संगीता आहे. शिट्टी वाजली आणि संगीता पुढेच निघाली. पहिली फेरी पुढे, दुसरी फेरीही पुढे. खुशी दोरीच्या बाहेरून बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मग वळणावर संगीताचा पाय जरा वेडावाकडा पडला. सावरली. पण पुढे ते पाय तिचे राहिलेच नाहीत. जी ताकद इथे लागायची ती तिने तिकडे, रिकाम्या डांबरी रस्त्यावर, सांडून टाकली होती. एक मुलगी पुढे गेली. मग दुसरी. अगदी शेवटाला, अंतिम रेषेच्या तोंडाशी, तिसरीही गेली.

चौथी. संगीता चौथी आली.

शिट्टी गळ्यात असलेल्या सरांना खुशीने धावत जाऊन गाठलं. सर, ती एवढं पळत आली होती, सर, चूक तिची नाही, माझी आहे. सरांनी ऐकून घेतलं, चांगला माणूस होता. "अगं, पोरीत दम आहे, दिसतंच," ते म्हणाले. "पण मी नियम कसा मोडू? पुढच्या वर्षी आण तिला." आणि मग हातातला कागद बघून हळूच म्हणाले, "अच्छा. वय."

संगीताने बूट काढले, माती झटकली, कापूस काढून टाकला आणि ते पिशवीत घातले.

परतीच्या गाडीत खुशीचा फोन सारखा थरथरत होता. हॉर्न एक नंबर. खुशी जिंदाबाद. आता ट्रकचे हॉर्न पण टाक. तिने फोन बंद केला.

घरी आल्यावर तिने लॅपटॉप उघडला आणि ती खोड काढली. बटण जेव्हा दाबलं तेव्हाची वेळ धरायची, खबर सुटली तेव्हाची नाही. एवढंच ते. ऊन भिंतीवरून खाली उतरायच्या आत झालं. संगीताच्या अकरावी-बारावीची किंमत तेवढी होती. तिने ते ग्रुपवर सोडलं. थोड्या वेळाने एकाने विचारलं, "यात नवीन काय हाय?" दुसऱ्याने लिहिलं, "मले तं काहीच दिसून नाही राह्यलं." खुशीने लॅपटॉप मिटला.

पुढच्या आठवड्यात संगीता शाळेत आली नाही. शेवटी खुशीच जीपमध्ये बसून तांड्यावर गेली. अंगणात संगीताची आई, सुखीबाई, वेचलेला कापूस गाठोड्यात दाबत होती.

"ये बेटी. पानी पिते का?" तिने नेहमीसारखंच विचारलं. ती बाई एखादा शब्द लागेल असा बोलली असती तर खुशीला बरं वाटलं असतं. "संगीता वावरात हाय. कापूस फुटला नं लय, मानसं भेटून नाही राह्यले."

संगीता कपाशीच्या ओळीत होती, ओटीत कापूस भरलेला. खुशीला बघून तिने हात थांबवले नाहीत.

"शाळेत येनं बंद केलं का?"

"येईन नं. वेचनी झाली का येईन. धाव्वीचा पेपर तं द्याचाच हाय."

"अन् मंग?"

"मंग काही नाही."

खुशीने खिशातून फोन काढला. जे सांगायला आली होती तेच ती बोलली. "मी ते भूत काढलं, संगीता. खरंच काढलं. आता बरोबर टाईम सांगते. चार दिस स्टँडवर उभी राहून पाह्यलं मी. तुया फोनात टाकून देऊ का?"

संगीताने एक बोंड फोडलं, कापूस ओढून ओटीत टाकला. ती रागावलेली नव्हती. तिने खुशीकडे पाहिलं, आणि ते पाहणं इतकं साधं होतं की खुशीला तिथून पळून जावंसं वाटलं.

"राहू दे वं," ती म्हणाली. "आता मले टायमावर कुठी जायचं हाय?"

आणि ती पुढच्या झाडाकडे सरकली. खुशी ओळीच्या टोकाशी उभी राहिली. रस्त्यावर दूर सदूकाकांची जीप रडत आली, फाट्यावर थांबली, कुणी चढतंय का पाहिलं, आणि निघून गेली.