गोड्या पाण्याची बुडी

मालवणच्या खडकांतलं समुद्राचं पाणी, चार कॅन. बल्लारशाहापर्यंत रेल्वेनं, पुढे सागासाठी निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून.

मूलजवळच्या एका तलावाची पाळ. पाळीवर घमेलं, घमेल्यात रोहूची बोटभर पिल्लं. एक माणूस मोठ्यानं साठपर्यंत आकडे मोजतो.

बी.एड.चा तिसरा पेपर, नागपूर, सकाळी अकरा.

दुधाचा थेंब पडावा तसा एक डोळा.

"वाघच पाळाचे तं मोठे पाळावं मानसानं. हे दोन बोटांचे कायचे वाघ?"

१९८६चा मार्च. आलापल्ली.

वाघ म्हणाली ती केसरबाई, रंभाची सासू, आणि तिचं फारसं चुकलं नव्हतं. वनखात्याच्या बंगल्यात काचेच्या टाकीत तीन मासे होते. पिवळे, अंगावर पाच-पाच काळे पट्टे. साहेबांची बदली कोकणातून इकडे झाली तेव्हा त्यांच्या बायकोनं, इंदुताईंनी, दागिने भावाकडे ठेवले आणि मासे बरोबर घेतले. समुद्र शेकडो मैलांवर राहिला. त्याचा एक तुकडा खिडकीशेजारी स्टुलावर येऊन बसला.

रंभा बंगल्यावर धुणीभांडी करायची. ती मूलकडची, ढिवराची, म्हणजे मासेमाराची, लेक, तलावाच्या काठी वाढलेली. म्हणूनच इंदुताई सहा दिवस बी.एड.च्या परीक्षेला नागपूरला निघाल्या तेव्हा मासे तिच्या हवाली करून गेल्या. "तुझ्या रक्तातच आहे हे," म्हणाल्या. रंभानं घरी येऊन हे वाक्य सासूला दोनदा ऐकवलं.

सूचना दोनच. सकाळी चिमूटभर सुकट. वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला तर मगानं टाकीतलंच पाणी उचलून वरून ओतत राहायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही.

मंगळवारी ताई गेल्या. साहेब दौऱ्यावर होते.

बुधवारी रंभाला दिसलं की मासे दगडाला अंग घासतात, गुरं झाडाला घासतात तसे. तिनं काचेला नाक लावून पाहिलं. अंगावर ना ठिपका ना जखम. पण एकाचा डोळा दुधाळ झालेला, आणि तिघांचेही कल्ले धाप लागल्यासारखे हलत होते. सुकट तशीच तळाशी गेली.

हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. मासोळी अंग घासू लागली की तिला किडा लागलेला असतो. तलावात बीज सोडण्याआधी तिचा बाप घमेल्यात मीठ विरघळवायचा, पिल्लं त्यात टाकून साठपर्यंत मोजायचा, की किडा सुटलाच. पुढचा विचार करायला तिला वेळ लागला नाही. तिनं स्वयंपाकघरातून दीड मूठ खडेमीठ आणलं आणि टाकीत सोडलं. हात लावू नको म्हणून सांगितलं होतं, खरं. पण डोळ्यांदेखत मरू द्यायचं?

गुरुवारी सकाळी दुधाळ डोळ्याचा मासा तळाशी आडवा पडला होता.

तिनं तो बाहेर काढला, वाटीत मिठात घालून झाकून ठेवला आणि सासूला बोलावून आणलं. केसरबाईनं आधी वाटी उघडली.

"मेल्यावर तं मीठ बराबर हाय," ती म्हणाली. "जित्तेपनी काऊन टाकलं?"

"बाबा टाकत, मामी." सासूला ती मामीच म्हणायची.

"तुहा बाप तलावातल्या मासोळीले टाके. हे मासोळी जन्मली कुठी?"

"समुद्रात."

"समुद्र कसा राह्यते?"

"खारा."

"मंग तिच्या अंगावरचा किडा कुठी जन्मला? तुह्या बापाच्या तलावात?"

रंभानं वाटीवर झाकण ठेवलं.

"रोज मिरची खानाऱ्याले मिरचीचं भेव दाखवून राह्यली माय माही!"

"मंग काय करू?"

"त्याले जे कधीच भेटलं नाई ते दे. गोडं पानी."

"अन् मासोळीले सोसन?"

"थे मले का मालूम? मी का समुद्रात सासुरवास काढला?" केसरबाई टाकीसमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ दोघा माशांकडे पाहत राहिली. "किडा कनीएवढा असन, मासोळी दोन बोटांची. लहान जीव आधी दम सोडते. तेवढ्यात काढाची."

रंभानं आधी टाकीतलं निम्मं पाणी काढून मालवणचे दोन कॅन तिच्यात रिकामे केले. मिठाचं पाप तेवढंच हलकं झालं. मग विहिरीच्या पाण्याची घागर टाकीशेजारी ठेवली. दोन्ही पाणी सारखं कोमट व्हायला दुपार झाली. लेकराला आंघोळ घालताना बघतात तसं तिनं कोपर बुडवून पाहिलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग पांढरं चिनी मातीचं भांडं घागरीतल्या पाण्यानं भरलं, ताईंच्या छोट्या जाळीनं एक मासा उचलला आणि सोडला.

मासा एकदा उसळला. दुसऱ्या फेरीत त्यानं भांड्याच्या काठावर तोंड आपटलं. मग एका कुशीवर कलला आणि पडून राहिला.

रंभाचा हात पाण्यात गेला.

"थांब."

"मरून राह्यला, मामी!"

"कल्ला हालते. मरनाऱ्याचा हालत नाई. तू मोज."

साहेबांच्या घड्याळाचा काटा फिरत होता, तरी रंभा बापासारखी मोठ्यानं मोजू लागली. साठ झाले. पुन्हा एकपासून. या वेळी तिसाच्या आसपास माशाच्या पिवळ्या कुशीवर, जिथे सकाळपासून काहीच नव्हतं तिथे, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका उमटला. मग दुसरा. मग पाठीवर चार. आतापर्यंत काचेसारखे आरपार असलेले किडे शिजल्यासारखे पांढरे पडत होते. एक सुटला आणि तळाशी गेला. त्यामागे दुसरा.

"आता पाहा त्याईची मिरची," केसरबाई हळूच म्हणाली.

तीनदा साठ झाल्यावर रंभानं मासा परत टाकीत सोडला. तो तिरपा होऊन दगडामागे गेला आणि तिथेच थांबला. मग तिनं दुसरा उचलला.

शुक्रवारी दोघांनी सुकट खाल्ली.

शनिवारी केसरबाईनं सुनेला समजावलं, "मासोळी मेली म्हनून सांग. मासोळी मरतेच. मिठाचं कायले काढतं? दोन वाचवल्या थे सांग."

रंभा हो म्हणाली. रविवारी इंदुताई दारात उतरल्या, पिशवी अजून खांद्यावर होती, तेव्हा तिच्या तोंडून निघालं ते असं : "ताई, एक माह्या हातून गेला. म्या मीठ टाकलं."

मग सगळंच सांगितलं. वाटीतला मासा दाखवला, रिकामे कॅन दाखवले. भांड्याच्या तळाशी सापडलेले पांढरे कण तिनं औषधाच्या बाटलीत भरून ठेवले होते, तेही पुढे केले. इंदुताईंनी पिशवी खाली ठेवली, भिंग काढलं आणि बाटली खिडकीशी धरली.

"चपटे आहेत. एका टोकाला चिकटायची वाटी आहे बघ." त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. "गोडं पाणी कुणाला सुचलं?"

"मामीले."

"आठवडाभरानं परत बुडी द्यावी लागेल. टाकीत यांची अंडी असणार."

"मी देऊ?"

"मग कोण देणार? मी तर साठ व्हायच्या आतच बाहेर काढेन."

रंभा हसली नाही. तिनं भिंग ताईंना परत दिलं.

"ताई, मिठानंच मेला का तो?"

इंदुताईंनी माशांची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "घासायला कधी लागले?"

"मले बुधवारी दिसलं."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. पंपाचे बुडबुडे वर येत होते. दोन मासे त्यांच्यात शिरून परत खाली जात होते.

सोमवारी, नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी, तिन्ही मासे दगडाला अंग घासत होते, आणि इंदुताईंनी ते पाहिलं होतं.